रात्रभर थांबलात तर जहाल ॲसिड लागत नाही: घरातल्या क्लीनरचं परीक्षण

डाग निघायला चार गोष्टी लागतात: रसायन, घासणं, उष्णता आणि वेळ. हर्बर्ट सिनर या जर्मन रसायनतज्ज्ञाने १९५९ साली या चौघांचं एक वर्तुळ मांडलं. एकाचा वाटा कमी केला की दुसऱ्या कुणाचा तरी वाढवावा लागतो. 'झटपट' म्हणून विकल्या जाणाऱ्या बाटल्यांत वेळेचा वाटा छाटलेला असतो आणि तेवढी भर रसायनाचा जोर वाढवून घातलेली असते. हा जोर फक्त डागावर पडत नाही. तो फुप्फुसांवर, डोळ्यांवर, नळाच्या चकाकीवर आणि पाइपच्या जोडांवरही पडतो. म्हणून पुढे प्रत्येक बाटलीला एकच प्रश्न विचारला आहे: हिचं काम सौम्य वस्तूने आणि थोडा वेळ देऊन होतं का? बऱ्याच वेळा होतं. काही ठिकाणी अजिबात होत नाही, तेही स्पष्ट लिहिलं आहे.

ब्रँडची नावं मुद्दाम घेतलेली नाहीत. एकाच नावाखाली ॲसिडची आणि ब्लीचची अशा दोन्ही बाटल्या, जवळजवळ सारख्याच आकारात मिळतात. त्यामुळे पुढच्या बाजूचं नाव नव्हे, मागच्या बाजूचा घटक वाचायचा.

टॉयलेटचं ॲसिड

टॉयलेट क्लीनरच्या नेहमीच्या बाटलीत साधारण १०% हायड्रोक्लोरिक ॲसिड असतं. भांड्यातला पिवळट-तपकिरी थर हा पाण्यातला चुना आणि लघवीतले क्षार यांचा असतो, आणि हे ॲसिड तो काही मिनिटांत विरघळवतं. कामगिरी उत्तम आहे, यात वाद नाही.

अडचण पुढे येते. हायड्रोक्लोरिक ॲसिड उडून जाणारं आहे. दार लावून भांड्यात ओतलं की त्याच्या वाफा खोलीभर पसरतात आणि घसा, डोळे चुरचुरतात. त्याच वाफांनी नळाचं क्रोम काळवंडतं, स्टीलच्या जाळीवर बारीक खड्डे पडतात, बिजागऱ्या गंजतात. नळ वरचेवर बदलावे लागत असतील तर पाण्याला दोष देण्याआधी ही बाटली तपासा. फरशीवर सांडलं तर फटींतलं सिमेंट खाल्लं जातं. फट पोकळ झाली की तिथे आणखी मळ साचतो, आणि तो काढायला पुन्हा तेच ॲसिड वापरलं जातं.

पर्याय सायट्रिक ॲसिडची पूड, पण ती वापरायची पद्धत महत्त्वाची. भांड्यात पाणी असताना वरून पूड भुरभुरवली तर ती पाण्यात पातळ होते आणि पाणरेषेवरच्या थरापर्यंत पोहोचतच नाही. 'सायट्रिकने काही होत नाही' ही तक्रार बहुतेक याच चुकीतून येते. आधी ब्रशने दाबून पाणी मागे ढकला. १ लिटर कोमट पाण्यात १०० ग्रॅम पूड विरघळवा. टॉयलेट पेपरच्या पट्ट्या त्यात भिजवून थरावर चिकटवा, उरलेलं पाणी त्यांच्यावर ओता आणि रात्रभर राहू द्या. सकाळी ब्रशने घासा. पातळ थर एका रात्रीत जातो. वर्षानुवर्षांच्या जाड थराला दोन-तीन रात्री लागतात. पट्ट्यांमुळे ॲसिड थरावर ओलं टिकून राहतं, सगळी युक्ती त्यातच आहे.

फारच दगडी झालेला थर असेल तर मधला मार्ग सल्फॅमिक ॲसिड. तेही पूड स्वरूपात मिळतं, जोरदार आहे, पण वाफा सोडत नाही. डोळ्यांत गेलं तर इजा करतं, म्हणून चष्मा आणि हातमोजे हवेतच.

आमचं मत: १०% ची बाटली घरात कायम ठेवायची गरज नाही. एकदा थर काढला आणि आठवड्यातून एकदा सायट्रिक वापरलं तर तो पुन्हा इतका साचतच नाही.

ब्लीच: ठेवा, पण एवढ्याच कामांसाठी

घरगुती ब्लीच म्हणजे सोडियम हायपोक्लोराइटचं साधारण ३ ते ६% द्रावण. त्याबद्दल दोन टोकाची मतं ऐकू येतात आणि दोन्ही चुकीची आहेत. रोज फरशी, बेसिन, टेबल सगळीकडे ब्लीच लावणं निरर्थक आहे. पण 'रसायनमुक्त घर' म्हणून ते फेकून देणंही शहाणपणाचं नाही. घरात कुणाला उलट्या-जुलाब झाले, रक्त सांडलं, की व्हिनेगर किंवा लिंबू कामाचं नाही. नोरोव्हायरससारख्या विषाणूवर तर अल्कोहोल आणि फरशीची नेहमीची जंतुनाशकंही कमी पडतात. तिथे ब्लीचच हवं.

प्रमाण असं. बाटलीवर ५% लिहिलं असेल तर १ लिटर द्रावण करायला २० मिली ब्लीच आणि बाकी पाणी. याने ०.१% द्रावण होतं आणि कडक पृष्ठभागांना ते पुरतं. रक्त, उलटी किंवा विष्ठा सांडलेल्या जागेला ०.५% लागतं, म्हणजे लिटरमागे १०० मिली. पाणी गार घ्या. गरम पाण्यात हायपोक्लोराइट लवकर मोडतं आणि वाफही जास्त येते. आधी घाण कागदाने उचला, साबणाने धुवा, पाण्याने साबण काढा आणि मगच ब्लीच लावा. मळ शिल्लक असेल तर ब्लीच त्या मळाशीच लढत संपतं, जंतूंपर्यंत उरत नाही. जागा १० मिनिटं ओली राहिली पाहिजे. लगेच पुसून घेतलं तर फक्त वास आला, निर्जंतुकीकरण झालं नाही. अन्न ठेवायची जागा असेल तर शेवटी साध्या पाण्याने पुसा.

पातळ केलेलं द्रावण त्याच दिवशी संपवा. मूळ बाटलीही उन्हात आणि उष्णतेत झपाट्याने अशक्त होते. खिडकीत वर्षभर उभी असलेली '५%' बाटली ५% ची राहिलेली नसते, आणि मग प्रमाण मोजून काही उपयोग नाही. उत्पादनाची तारीख बघूनच विकत घ्या.

आता मिसळण्याबद्दल. या लेखातला सगळ्यात महत्त्वाचा परिच्छेद हाच आहे. ब्लीच आणि कुठलंही ॲसिड एकत्र आलं की क्लोरिन वायू सुटतो. टॉयलेटचं ॲसिड, व्हिनेगर, सायट्रिक, लिंबाचा रस, गंज काढायचं द्रावण, काहीही असो. ब्लीच आणि अमोनिया एकत्र आले की क्लोरामाइन हे विषारी वायू तयार होतात. लघवी साचलेल्या भांड्यात ब्लीच ओतल्यावर नाकात झोंबणारा वास येतो तो याचाच, म्हणून आधी फ्लश करा. ब्लीच आणि अल्कोहोलमधून क्लोरोफॉर्मसारखी संयुगं बनतात. क्लोरिन हवेपेक्षा सुमारे अडीच पट जड असतो, म्हणून तो खाली बसतो. अपघात कसा होतो पाहा: रात्री ॲसिड ओतलं, सकाळी डाग तसाच दिसला, म्हणून वर ब्लीच ओतलं आणि घासायला वाकलं. वाकलेल्या माणसाच्या तोंडाशीच वायूचा सगळ्यात दाट थर असतो. दोन बाटल्यांचा जोर जोडला जात नाही, उलट दोन्हींचं काम बिघडतं आणि वर विष तयार होतं. एक वापरून झालं की दोन-तीनदा भरपूर पाण्याने धुवा आणि दुसरं दुसऱ्या दिवशी वापरा.

भिंतीवरच्या बुरशीला ब्लीच लावण्याची सवय सोडावी. भिंत सच्छिद्र असते. ब्लीचमधलं पाणी आत शिरतं, वरचा काळा रंग उडतो, आतले तंतू जिवंत राहतात आणि काही आठवड्यांत डाग परत येतो. ओल कुठून येते ते शोधून थांबवल्याशिवाय कुठलीच बाटली टिकाऊ काम करत नाही. वरवरची बुरशी साबणपाण्याने, ओल्या फडक्याने आणि तोंडावर एन-९५ मास्क लावून काढा. कोरडी घासली तर बीजाणू खोलीभर उडतात.

तुंबलेला पाइप आणि कॉस्टिकचे दाणे

घरात येणाऱ्या सगळ्या वस्तूंत आम्ही सगळ्यात कमी गुण ड्रेन क्लीनरला देतो. त्याच्या दाण्यांत कॉस्टिक सोडा, म्हणजे सोडियम हायड्रॉक्साइड असतो आणि बऱ्याचदा ॲल्युमिनियमचे कण मिसळलेले असतात. पाणी लागताच ॲल्युमिनियम आणि कॉस्टिकची क्रिया होऊन प्रचंड उष्णता आणि हायड्रोजन वायू निघतो. उष्णतेने चरबी वितळते, कॉस्टिक तिचा साबण करतो आणि केसांतलं प्रथिन विरघळवतो. तत्त्व बरोबर आहे.

बिघडतं कुठे? तुंबलेल्या पाइपात पाणी हलत नाही. दाणे खालच्या वळणात जाऊन बसतात आणि पुरेसं पाणी न मिळाल्याने दगडासारखे घट्ट होतात. तयार झालेला साबणही थंड होऊन तिथेच गोळा धरतो. पीव्हीसी पाइप साधारण ७५ ते ८० अंशांच्या आसपास मऊ पडायला लागतो, त्यामुळे जोड सैल होतात. आणि पाइप मोकळा झालाच नाही तर आता बेसिनमध्ये जळजळीत द्रव भरून उभा असतो. त्यावर कुणी रबरी पंप मारला तर तो सरळ तोंडावर उडतो. कॉस्टिकची डोळ्याची इजा ॲसिडपेक्षाही वाईट, कारण अल्कली ऊती विरघळवत खोल शिरते.

बेसिनखालचा बॉटल ट्रॅप, म्हणजे पाइपला जोडलेला बाटलीच्या आकाराचा भाग, उघडणं याहून सोपं आहे. खाली बादली ठेवा. ट्रॅपचा खालचा भाग हाताने उलटा फिरवा. घट्ट असेल तर फडकं गुंडाळून पकड घ्या. पाना लावला तर प्लॅस्टिकचे आटे मोडतात. गाळ बादलीत काढा, भाग ब्रशने धुवा, रबरी वॉशर जागेवर सपाट बसलाय ना ते बघा आणि पुन्हा हातानेच आवळा. पाणी सोडून जोडाभोवती कोरडा कागद फिरवा. कागद ओला झाला तर वॉशर तिरका बसलाय. न्हाणीघरातली अडचण जवळजवळ नेहमी केसांची असते. त्याला काटेरी प्लॅस्टिकची पट्टी किंवा तारेची स्प्रिंग पुरते. पंप वापरताना बेसिनचं वरचं ओव्हरफ्लोचं भोक ओल्या फडक्याने बंद करा, नाहीतर सगळा दाब तिथून निघून जातो.

कॉस्टिक आधीच ओतून झालं असेल तर पंप मारू नका, वर ॲसिड ओतू नका, आणि प्लंबरला पाइप उघडायच्या आधी तसं सांगा. ही माहिती न मिळाल्याने भाजण्याची पाळी त्याच्यावर येते.

फरशीचं जंतुनाशक

'९९.९% जंतू मरतात' असं लिहिलेल्या फरशीच्या द्रावणांत बहुधा बेन्झाल्कोनियम क्लोराइड किंवा त्याच्या भाईबंदांपैकी एखादं असतं. यांना चतुर्थक अमोनियम संयुगं म्हणतात. चाचणीतले ९९.९% हे ठरावीक प्रमाणात आणि ठरावीक वेळ ओलं ठेवल्यावरचे आकडे असतात. बऱ्याच लेबलांवर ही वेळ १० मिनिटं असते. पुसलेली फरशी पंखा चालू असेल तर दोन-तीन मिनिटांत वाळते. शिवाय सुती पोछा ही संयुगं स्वतःत शोषून धरतो, आणि फरशीवर साबणाचा अंश असेल तर या संयुगांचा धन भार आणि साबणाचा ऋण भार एकमेकांना निकामी करतात. म्हणजे आधी साबणाने पुसून, न खळबळता वर जंतुनाशक मारणारा माणूस दोन्ही पदार्थ वाया घालवतो. उरतो तो फरशीवरचा पातळ थर, रांगणाऱ्या मुलाच्या तळहातांसाठी. शिवाय ही संयुगं दमा आणि त्वचेच्या दाहाला कारण ठरू शकतात.

फिनाईलच्या जातीत फिनॉलवर्गीय घटक असतात. मांजर असलेल्या घरात ती नकोतच. मांजराच्या यकृतात फिनॉल बाहेर टाकायची यंत्रणा तोकडी असते, आणि फरशीवर फिरून मांजर पंजे चाटते.

आजार नसलेल्या घरात फरशी स्वच्छ करायची असते, निर्जंतुक नव्हे. ५ लिटर कोमट पाण्यात ५ ते १० मिली भांड्यांचं लिक्विड टाका. दुसऱ्या बादलीत साधं पाणी ठेवा आणि पोछा आधी त्यात पिळून मग साबणाच्या बादलीत बुडवा. एकाच बादलीत बुडवत राहिलं तर तिसऱ्या खोलीला पहिल्या खोलीचा मळ लागतो. लिक्विड जास्त झालं की फरशी चिकट होते आणि दुसऱ्याच दिवशी मळकट दिसते. लोक मग आणखी लिक्विड टाकतात. उपाय उलटा आहे: एकदा नुसत्या गरम पाण्याने पुसून काढा.

मायक्रोफायबरच्या कापडावर हात आखडू नका. त्याचे चिरलेले तंतू मळ आणि जंतू उचलतात, नुसत्या पाण्यानेसुद्धा. ते ६० अंशांवर धुवा आणि फॅब्रिक सॉफ्टनर लावू नका. सॉफ्टनरचा थर बसला की कापड उचलणं सोडून पसरवायला लागतं.

फवारे आणि सुवास

इथे घटकापेक्षा बाटलीची तोटी जास्त बोलते. तोच द्रव फडक्यावर ओतला तर हातापुरता राहतो, फवारला तर त्याचे बारीक थेंब श्वासनलिकेत खोल जातात. युरोपातल्या १० देशांत ३,५०३ लोकांचा सुमारे ९ वर्षं पाठपुरावा करून २००७ साली आलेल्या अभ्यासात, आठवड्यातून एकदा तरी सफाईचे फवारे वापरणाऱ्यांत दम्याची लक्षणं जास्त आढळली. काच, फर्निचर आणि हवेतल्या सुवासाचे फवारे त्यात पुढे होते. नॉर्वेतल्या बर्गेन विद्यापीठाच्या नेतृत्वाखाली ६,२३५ जणांचा २० वर्षांचा अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. घरात किंवा नोकरी म्हणून सफाई करणाऱ्या स्त्रियांच्या फुप्फुसांची क्षमता इतर स्त्रियांपेक्षा वेगाने घटलेली त्यात दिसली. सफाईचं काम बहुतेक ठिकाणी कुणाच्या वाट्याला येतं हे पाहता हा निष्कर्ष बाटली बनवणाऱ्यांनी आणि घरातल्या प्रत्येकाने मनावर घ्यायला हवा.

काचेसाठी फवारा लागतच नाही. ओलं मायक्रोफायबर, मग कोरडं. तेलकट बोटं असतील तर पाण्यात लिक्विडचा एक थेंब.

एअर फ्रेशनर घेऊ नका, एवढंच. त्यातलं लिमोनीन, म्हणजे लिंबूवर्गीय वास देणारं रसायन, हवेतल्या ओझोनशी भिडून फॉर्माल्डिहाइड तयार करतं, आणि वास जिथून येतो ते कारण तसंच राहतं. टॉयलेटमध्ये टांगायच्या पॅराडायक्लोरोबेन्झिनच्या वड्याही नकोत. युरोपीय संघाने २०१४ मध्ये घरातल्या टॉयलेट आणि हवेच्या सुवासासाठी त्यांवर बंदी आणली. कपाटातल्या नॅप्थलीनच्या डांबरगोळ्यांचा धोका वेगळाच आहे. जी-६-पीडी या एन्झाइमची कमतरता असलेल्या बाळाच्या तांबड्या पेशी त्यांच्यामुळे फुटू शकतात. बाळाचे कपडे अशा कपाटात ठेवूच नयेत.

'नैसर्गिक' म्हणून जे सांगितलं जातं

खायचा सोडा आणि व्हिनेगर एकत्र करून फेस आणायचा प्रयोग सगळीकडे दाखवला जातो. त्याचं गणित मांडू. ५% व्हिनेगरच्या १०० मिलीमध्ये ५ ग्रॅम ॲसिटिक ॲसिड असतं. सुमारे ७ ग्रॅम सोडा, म्हणजे दीड चमचा, त्याला पूर्ण निकामी करतो. फेस म्हणजे सुमारे २ लिटर कार्बन डायऑक्साइड. तो उडून गेल्यावर उरतं पाणी आणि किंचित सोडियम ॲसिटेट. ना ॲसिड राहिलं, ना अल्कली. बुडबुड्यांनी सैल कचरा हलतो, त्यापलीकडे काही नाही. हेच मिश्रण झाकण लावलेल्या बाटलीत करून ठेवलं तर बाटली फुटते. दोन्ही वेगवेगळे वापरा: सोडा हलकं घासायला, व्हिनेगर चुन्याच्या डागांना.

व्हिनेगर आणि तेलापासून केलेला साबण ही दुसरी फसलेली जोडी. ॲसिड साबण मोडतं, स्निग्धाम्लं वेगळी होतात आणि द्रवात दह्यासारख्या गाठी पडतात. हायड्रोजन पेरॉक्साइड आणि व्हिनेगर एकाच बाटलीत ठेवलं तर पेरॅसिटिक ॲसिड तयार होतं आणि ते डोळ्यांना, श्वासनलिकेला झोंबतं.

फळांच्या साली, गूळ किंवा साखर आणि पाणी ३:१:१० प्रमाणात तीन महिने आंबवून केलेलं 'बायो-एन्झाइम' मुख्यतः सौम्य आम्ल द्रव असतं. साल वाया जात नाही हे छान, चुन्याच्या हलक्या डागांवर ते चालतं. पण आत एन्झाइम किती आहे हे घरात मोजता येत नाही, दर वेळचा द्रव वेगळा होतो आणि जंतुनाशक म्हणून त्यावर विसंबणं चूक आहे. पहिला महिना रोज झाकण सैल करून वायू सोडा. संगमरवरावर ते वापरू नका.

रिठ्याचं पाणी कपड्यांना सौम्य आहे, तेलकट भांड्यांना अपुरं. उकळून केलेलं पाणी तीन-चार दिवसांत आंबतं. डोळ्यांत गेलं तर चांगलंच झोंबतं.

बोरॅक्सला 'सुरक्षित पर्याय' म्हणणाऱ्या पाककृती मात्र कोपऱ्यात टाका. युरोपीय संघाने बोरॅक्सला प्रजननक्षमतेला घातक पदार्थांच्या वर्गात घातलं आहे. टी ट्री आणि लिंबूवर्गीय तेलांच्या सुवासाने काही स्वच्छ होत नाही. टी ट्री मांजरांना विषारी आहे, आणि हवेत राहून जुनं झालेलं लिमोनीन त्वचेला ॲलर्जी देतं.

'प्लांट-बेस्ड' लिहिलेल्या तयार बाटल्यांतही पाणी असतं, म्हणून परिरक्षक (प्रिझर्व्हेटिव्ह) लागतंच. ते बहुधा मिथाइलआयसोथायाझोलिनोन किंवा त्याच्या गटातलं असतं. अमेरिकेतल्या संपर्कजन्य त्वचादाहाच्या तज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ साली याच पदार्थाला 'वर्षातला ॲलर्जन' ठरवलं होतं. ज्यांच्या हातांना भेगा पडतात त्यांनी आधी हे नाव शोधावं. पुडीत मिळणाऱ्या कोरड्या वस्तूंना असलं परिरक्षक लागत नाही, आणि आमची पसंती त्यांच्याकडे झुकण्याचं हे एक मोठं कारण आहे.

तीन पुड्या आणि एक लिक्विड

सायट्रिक ॲसिड. केटलसाठी लिटरमागे ३० ग्रॅम, पाणी कोमट, अर्धा तास. उकळू नका. खूप चुना असलेल्या उकळत्या द्रावणात कॅल्शियम सायट्रेटचा पांढरा थर बसतो आणि तो पहिल्यापेक्षा हट्टी असतो. नळांसाठी ५% द्रावणात फडकं भिजवून गुंडाळा, २० मिनिटांनी काढून धुवा. क्रोमवर रात्रभर नको. संगमरवर, चुनखडीचा दगड, मोझॅक आणि सिमेंटच्या फटी यांच्यावर एक थेंबही नको. चकाकी गेली तर ती पॉलिशवाल्याशिवाय परत येत नाही.

धुण्याचा सोडा, म्हणजे सोडियम कार्बोनेट. खायच्या सोड्याचा सामू (पीएच) ८ च्या थोडा वर, याचा ११ च्या आसपास. म्हणून स्वयंपाकघरातल्या चिकट तेलावर हाच चालतो, खायचा सोडा नाही. १ लिटर गरम पाण्यात १ मोठा चमचा सोडा आणि लिक्विडचे दोन-तीन थेंब. फडक्याने लावून १० मिनिटं थांबा, पुसा, साध्या पाण्याने पुन्हा पुसा. हातमोजे घाला. ॲल्युमिनियम काळं पडतं, त्यामुळे चिमणीच्या जाळ्या कसल्या आहेत ते आधी बघा. पॉलिश केलेल्या लाकडावरही नको.

सोडियम परकार्बोनेट. आमच्या मते घरातली सगळ्यात दुर्लक्षित वस्तू. पाण्यात पडलं की त्याचा हायड्रोजन पेरॉक्साइड आणि धुण्याचा सोडा होतो. पांढरे कपडे, चहाचे डाग, फटींतला काळेपणा, वास येणारं वॉशिंग मशीन, सगळ्यांवर ते चालतं आणि क्लोरिनचा वासही येत नाही. गार पाण्यात ते आळशी आहे, ४० ते ६० अंश हवेत. ५ लिटर पाण्याला ३० ग्रॅम, कपडे एक-दोन तास भिजत. फटींसाठी अर्धा लिटर गरम पाण्यात १ मोठा चमचा, ओतून २० मिनिटं, मग ताठ ब्रश. लोकर आणि रेशीम यापासून दूर ठेवा. द्रावण कधीही बाटलीत बंद करू नका, ऑक्सिजन सुटत राहतो आणि बाटली फुगून फुटते. पूड कोरडी ठेवा; ओल्या चमच्याने तिचा जोर जातो. ब्लीचशी मिसळू नका.

लिक्विड बिनवासाचं, बिनरंगाचं घ्या. लघवी, रक्त, घाम यांच्या डागांसाठी प्रोटिएज, म्हणजे प्रथिनं तोडणारं एन्झाइम असलेलं डिटर्जंट लागतं. ते ३० ते ५० अंशांत काम करतं, ब्लीच किंवा उकळत्या पाण्याने निकामी होतं. रक्तावर आधी गरम पाणी पडलं तर प्रथिन गोठून धाग्यात बसतं, म्हणून सुरुवात गार पाण्याने.

बाटली हातात घेतल्यावर

लाल चौकटीतल्या चिन्हांकडे आधी बघा. हातावर आणि धातूवर द्रव पडताना दाखवलेलं चिन्ह म्हणजे जाळणारा पदार्थ, छातीवर तारा म्हणजे दीर्घकाळ इजा, नुसतं उद्गारचिन्ह म्हणजे दाह. 'नैसर्गिक', 'हिरवं', 'विषरहित' हे शब्द या चिन्हांना खोडून काढत नाहीत. 'फ्रॅग्रन्स' हा एक शब्द अनेक रसायनांवरचं झाकण असतो. युरोपात २००४ च्या डिटर्जंट नियमानुसार ठरावीक सुगंधी ॲलर्जन ०.०१% पेक्षा जास्त असले तर नावाने लिहावे लागतात, त्यामुळे तिथलं लेबल जास्त बोलतं. घटकांची यादीच नसेल तर बाटली परत ठेवा. ईयू इकोलेबल, नॉर्डिक स्वान आणि अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेचं सेफर चॉइस ही चिन्हं स्वतंत्र तपासणीनंतर मिळतात. कंपनीने स्वतः छापलेलं हिरवं पान यांत मोजू नका. गंज काढायच्या द्रवात हायड्रोफ्लोरिक ॲसिड किंवा अमोनियम बायफ्लोराइड दिसलं तर ती वस्तू घरात आणूच नका. ते सुरुवातीला फारसं न दुखता कातडीखाली हाडापर्यंत जातं. गंजाला सायट्रिक आणि धीर पुरतो.

कुठलाही क्लीनर पाण्याच्या किंवा सरबताच्या बाटलीत ओतून ठेवू नका, 'दोनच दिवस' म्हणूनही नाही. डिटर्जंटच्या रंगीत कॅप्सूल लहान मुलांना गोळीसारख्या दिसतात. त्या उंच, कुलूपबंद जागी ठेवा किंवा घरात मूल असेपर्यंत पूडच वापरा.

डोळ्यांत गेलं तर लगेच वाहत्या पाण्याखाली पापण्या उघड्या धरून १५ ते २० मिनिटं धुवा आणि मग दवाखान्यात जा. कॉस्टिक असेल तर त्याहूनही जास्त वेळ धुवा. कातडीवर पडलं तर भिजलेले कपडे काढून पाण्याखाली धरा. ॲसिडवर सोडा, कॉस्टिकवर व्हिनेगर असं करू नका, त्या क्रियेच्या उष्णतेने आणखी भाजतं. पोटात गेलं तर उलटी करायला लावू नका, वर येताना अन्ननलिका दुसऱ्यांदा भाजते. वायू झाला तर बाटल्या जिथल्या तिथे सोडून बाहेर पडा, दार उघडं टाका, धुवायला परत आत जाऊ नका. दवाखान्यात जाताना बाटली सोबत न्या, कारण डॉक्टरांना घटकाचं नाव आणि टक्केवारी हवी असते.